आठ सिलिंडर आणि एक हंडा

आमचे आबा गाळा बघायला गेले आणि मोटार घेऊन आले.

यात फार नवल नाही. त्या वर्षांत आमच्या शहरात कोण काय बघायला जाईल आणि काय घेऊन येईल, याचा नेम नव्हता. शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण नळाला पाणी तेव्हाही आठवड्यातून एकदा यायचं, तेही अर्धा तास. पाणी नव्हतं, प्लॉट मात्र चिक्कार होते. जिथं म्हणून कुसळ उगवत नव्हतं तिथं पांढऱ्या फक्कीनं चौकोन आखलेले. जालना रोडला एका कापूसवाल्याचं जुनं गोदाम पाडून तिथं दुकानांचे गाळे निघणार होते. आबा, म्हणजे माझे वडील, त्यातला एक बघायला गेले. गोदामाच्या कोपऱ्यात, सरकीच्या रिकाम्या पोत्यांखाली, ही उभी होती. अमेरिकन. दोनच दारं, नाक हातभर लांब, पाठ उतरती आणि ढुंगण आखूड. कापूसवाल्याच्या आजोबांनी शौकानं मागवलेली म्हणे, आणि नातवाला ती भंगारात काढायची घाई झालेली. आबांनी तिला बघितलं आणि गाळा विसरले.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. दोष सगळा आमच्या घराण्याचा.

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत ती टेम्पोला बांधून ओढत आणली, तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर. गाडीचं स्टिअरिंग डावीकडं. आबा मालक म्हणून उजवीकडं, रस्त्याच्या मधल्या बाजूला बसलेले. लोकांना वाटलं हेच चालवतायत. समोरच्या घरातले रिटायर मास्तर पुढं वाकून म्हणाले, "आबा, सुकाणू कुठंय?" आबा म्हणाले, "अमेरिकेत लागत नाय." मास्तरांनी मान डोलवली. आमच्या गल्लीत अमेरिकेबद्दल काहीही खपायचं.

गाडीसोबत एक माहितीपुस्तक मिळालं, गुळगुळीत कागदाचं, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. कारण मी वाळूजला कारखान्यात इंजिन जुळवायच्या लाइनवर होतो. आठ तास उभं राहून मी तिथं तेच ते चार बोल्ट आवळायचो, तेही दुचाकीच्या इंजिनाचे. पण घरात मी इंजिनातला शहाणा ठरलो होतो. घरच्यांना काय, वाळूजला गेला तो इंजिनियर.

पुस्तकात लिहिलेलं की गिऱ्हाइकानं आपल्या मनासारखी गाडी निवडावी. सहा सिलिंडरचं साधं इंजिन घ्या, नाहीतर आठचं धाकटं घ्या, नाहीतर आठचं थोरलं. त्यावर कार्ब्युरेटर दोन तोंडांचा घ्या की चार तोंडांचा. बॉनेट सपाट हवं का हवा ओढणारं टेंगूळ असलेलं. टपावर काळं रेक्झिन हवं का नको. अंगावर पट्टे हवेत का, किती, कुठून कुठवर.

"म्हंजे दुकानदार विचारतो?" आबा.

"व्हय."

"सगळं?"

"सगळं."

आबांच्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळेल त्या रंगाची मुकाट घरी आणायची. आबा हळूच म्हणाले, "आपल्याला कुणी कशाचं इच्यारलंच नाय कधी." मग त्यांनी ठरवलं की आता आपणही निवडायचं.

आमच्या गाडीत होतं ते आठचं थोरलं इंजिन, चार तोंडांचं. ते चालू व्हायला चार महिने लागले. किराडपुऱ्यातले एक उस्ताद रोज दुपारी यायचे. बारीक, पांढरी टोपी, बोलणं कमी. इंजिनाचा एकेक भाग त्यांनी खोलून रॉकेलमधे धुतला, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला आणि परत बसवला. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी समोरच्या मास्तरांच्या खिडकीची काच खाली आली. उस्ताद एवढंच म्हणाले, "माशाल्ला, बोलने लगी."

आता गल्ली सल्ला द्यायला मोकळी झाली. पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. उस्तादांनी पेट्रोलच्या टाकीकडं बघून सांगितलं, "ये देती नै, लेतीच है." मग काय, एकानं म्हणलं जीपचं डिझेल इंजिन बसवा. दुसरा म्हणाला टेम्पोचं बसवा, स्पेअर कुठंबी मिळतात. माझे मावसे गॅसच्या टाकीवर अडून बसले. माझ्या मोठ्या मेव्हण्यानं तर मोटारपंपाचं इंजिन सुचवलं, तेवढंच दोन्हीकडं कामाला येईल म्हणाला, कुठल्या दोन्हीकडं ते त्यालाच ठाऊक. अमेरिकेत तीन इंजिनं होती, पुंडलिकनगरात सात झाली. उस्ताद हे ऐकायचे आणि पाना पुसत बसायचे. एकदाच बोलले, "आबा, शेर का कलेजा निकालके बकरी का डालते क्या?"

आबा डिझेलला नाहीच म्हणत राहिले. का, ते कुणाला सांगेनात.

त्याचं कारण सांगायचं तर मोठ्या मायचं सांगावं लागतं. मोठी माय म्हणजे आबांची वहिनी, माझ्या चुलत्याची बायको. ती तेरा-चौदा वर्षांची सून होऊन आमच्या गावच्या घरात आली तेव्हा आबा रांगत होते आणि त्यांची आई गेलेली होती. तिनं त्यांना कडेवर घेऊन भाकरी थापल्या. स्वतःला पुढं तीन मुली झाल्या, पण पहिलं लेकरू आबाच. गाव आमचं वाळूजच्या पलीकडं. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर आबांच्या वावरात आली. पाणी दोन्ही घरांनी भरायचं, असं बोलून ठरलं. कागदावर कशाला पाहिजे? भाऊ भाऊ होते ना.

मग कारखाने सरकत सरकत आमच्या बांधाला येऊन टेकले आणि आबांनी वावर विकलं. विहिरीसकट. घेणाऱ्यानं ती बुजवली. त्याच्या नकाशात नेमका त्या जागी पोहायचा तलाव दाखवलेला होता. निळ्या रंगात, काठाला छत्र्या. मराठवाड्यात, भर दुष्काळात, पोहायचा तलाव. तो कधी झाला नाही ते सांगायला नको, पण विहीर गेली ती गेली.

मोठ्या मायनं भांडण केलं नाही. ती दारात उभी राहून म्हणाली, "भावजी, तुमच्या घरचं पाणी आता मला चालायचं नाय." बस. त्यानंतर ती पुंडलिकनगरला कधी आली नाही. चुलते वारले, तेव्हा दहाव्याला आबांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. तिनं तोंड फिरवलं. सगळ्या भावकीनं बघितलं.

आणि आता माझं लग्न ठरलं होतं. आबांना एकच पाहिजे होतं, मोठ्या मायनं लग्नाला यावं आणि आमच्या मांडवात घोटभर पाणी प्यावं. हे त्यांनी तोंडानं कधी सांगितलं नाही. ते इंजिनाबद्दल बोलायचे. शेवटी मलाच राग आला. म्हणलं, "आबा, सरळ जा आणि पाय धरा तिचे. त्याला मोटार कशाला लागती?"

"पाय धरायला आधी ती बाहीर यावी लागती," आबा म्हणाले. "तीनदा गेलो. आतून कडी काढीत नाय." मग गाडीकडं बघत म्हणाले, "थोरलंच इंजिन राहू दे. जीपच्या आवाजाला कोण बाहीर येतंय? लई झालं तर कुत्रं."

अमेरिकेतल्या माणसानं ते इंजिन सरळ रस्त्यावर सुसाट पळायला निवडलं असेल. आमच्या आबांनी ते रुसलेल्या वहिनीची कडी काढायला निवडलं.

इंजिन ठरलं, राहिला रंग. बजाजनगरला एक पेंटर होता, आयुष्यभर टेम्पो रंगवलेला. त्याला पुस्तकातलं चित्र दाखवून सांगितलं, पिवळा रंग आणि नाकापासून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे, बाकी काही नको. त्यानं पट्टे छान ओढले. पण आमची आई बघायला गेली आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर गंधच की." झालं. पेंटरनं मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा काढून दिला, फुकटात. शिवाय मागं काहीतरी लिहिल्याशिवाय त्याच्या हातून आजवर एक गाडी सुटली नव्हती, म्हणून नंबरपाटीच्या वर 'आईची कृपा' आलं, दोन्ही बाजूंना एकेक कमळ. बॉनेटवरच्या टेंगळाचं त्याला काही सुचलं नाही. ते आईला सुचलं. टेंगळाच्या आडोशाला वाऱ्यानं उडत नाहीत म्हणून तिनं तिथं सांडगे वाळत घातले. गाडी धुवायचा प्रश्न नव्हता. त्या साली गाडी धुणाऱ्याला गल्लीनं वाळीत टाकलं असतं. आम्ही ती कोरड्या फडक्यानं पुसायचो, तेही दार लावून.

लग्न शहरातल्या हॉलवर होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी गावात परण्या, म्हणजे नवरदेवाची वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक. वेशीपासून मारुती किती लांब? पोरं पळत दोन मिनिटांत जातात. परण्याला दीड तास लागतो, कारण नाचणाऱ्यांना पुढं जायचंच नसतं. हे आम्हाला जन्मापासून माहीत. आणि इतके दिवस इंजिनावर चर्चा करणाऱ्या आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जी गाडी पळाली तरच गार राहते तिला आपण मुंगीच्या पावलानं नेणार आहोत, वैशाखात. मी लाइनवरचा शहाणा, मलाही नाही. उस्तादांनी लग्नं फक्त जेवणापुरती बघितलेली, त्यांना परण्या ठाऊक नव्हता. आम्ही सांगितलं, "जवळच जायचंय."

उस्ताद डावीकडं चालवायला, मी मागं मुंडावळ्या बांधून, आबा उजवीकडं फेटा घालून. वेशीत गाडीनं एकदा घुर्र केलं आणि गाव अक्षरशः हललं. म्हातारीकोतारी बाहेर आली. आबा बघत होते ते फक्त पुढच्या वळणावरचं एक दार. आम्ही पावलापावलानं वळणाशी आलो. उस्तादांनी आबांच्या खुणेवर ॲक्सिलरेटर दाबला. आठही सिलिंडर गरजले. दाराला बाहेरून कुलूप होतं.

आबांचा फेटा एकाएकी मोठा दिसायला लागला.

तेवढ्यात पलीकडून हॉर्न ऐकू आला, लांब, तीन वेळा. पाण्याचा टँकर. चार दिवसांनी आलेला.

पुढं काय झालं ते सांगितलं तर लोक हसतात. बँडवाला क्लॅरिनेट तोंडात असतानाच पळाला. नाचणारे भाऊबंद, करवल्या, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया, सगळे ज्याच्या त्याच्या घराकडं. दोन मिनिटांत तेच लोक हंडे, घागरी, प्लास्टिकचे ड्रम घेऊन परत आमच्याच समोरून धावत निघाले. ढोलवाल्यानं ढोल आमच्या बॉनेटवर ठेवला आणि "बघा जरा" म्हणून गेला. रस्त्यावर उरलो आम्ही तिघं. मी हसायला लागलो होतो. आबांकडं बघितलं आणि थांबलो.

गाडी हटवता येईना, पुढं टँकर आणि मागं ड्रमांची रांग. उस्ताद काट्याकडं बघून कुजबुजले, "गरम हुई." पुढच्या टेंगळातून वाफ यायला लागली. आईच्या सांडग्यांचा वास सुटला. मग इंजिन दोनदा उचकलं आणि बंद पडलं. उस्तादांनी ढोल खाली ठेवून बॉनेट उघडलं, गोणपाट घेऊन रेडिएटरचं झाकण सोडवलं, तशी वाफेची भिंत उठली. आत थेंब नव्हता.

आणि टँकरच्या रांगेतून मोठी माय आली. डोक्यावर भरलेला हंडा, पदर दाताखाली धरलेला. दाराला कुलूप का होतं ते आत्ता कळलं. आमच्या आठ सिलिंडरांना जे जमलं नव्हतं ते टँकरच्या नुसत्या आशेनं केलं होतं, हॉर्न वाजायच्या आधीच ती जाऊन रांगेत उभी होती. सत्तरी ओलांडलेली बाई, ज्या विहिरीचं पाणी पन्नास वर्षं काढलं ती तिच्याच लेकरानं विकलेली. ती गाडीपाशी थांबली. आबा खाली उतरले. त्यांना पाय धरायचे होते, आयती ती समोर होती, आणि बाप्पा, माणूस खांबासारखा उभा.

मोठ्या मायनं वाफेकडं बघितलं. "काय झालं हिला?"

उस्ताद म्हणाले, "अम्मा, पानी खतम हो गया इसका."

"जित्राब हाय का मशीन हाय, तहान सगळ्याला हाय," ती म्हणाली. तिनं हंडा डोक्यावरून उतरवला आणि आबांच्या पुढं धरला. "घाल."

उस्तादांनी आबांचा दंड पकडला. अगदी हळू, तिला ऐकू जाऊ नये म्हणून, "आबा, नक्को. तवा है वो अब्बी. ठंडा पानी गया तो फट जाता. आधा घंटा ठैरो, मेरी सुनो."

हे मलाही माहीत होतं. तापल्या लोखंडावर गार पाणी, हे लाइनवरच्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी म्हणलं असतं, "माय, जरा थांब." पण अर्धा तास हंडा हातात धरून ती थांबली नसती. तो परत डोक्यावर घेऊन ती कडी लावून आत बसली असती.

आबांनी उस्तादांकडं बघितलं. "तिनं दिलंय," म्हणाले. आणि हंडा दोन्ही हातांनी उचलून सगळाच्या सगळा ओतला.

आतून टक् असा आवाज आला. मोठा नाही. सुपारी फुटावी एवढाच. गाडीच्या खालून पाणी गळायला लागलं आणि मातीत गेलं. उस्तादांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि बंपरावर बसून राहिले. चार महिने त्यांनी त्या इंजिनाचा एकेक स्क्रू हातानं पुसला होता.

"भागलं का तेवढ्यात?" मोठ्या मायनं विचारलं.

"भागलं वहिनी," आबा म्हणाले.

तिनं रिकामा हंडा घेतला. टँकर तोवर संपला होता. ओला हात खिडकीतून आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला, म्हणाली, "उद्या येते मी," आणि कुलूप काढून घरात गेली. त्या दिवशी तिच्या घरात स्वयंपाकाला पाणी कुठून आलं ते मी आजवर विचारलेलं नाही, विचारायची हिंमत नाही.

पाणी भरून लोक परत आले, बँड परत वाजला आणि बारा गड्यांनी ढकलत ती गाडी मारुतीपर्यंत नेली. नंतर तिच्यात जीपचं डिझेल इंजिन बसलं, गल्लीच्या मनासारखं झालं. उस्तादांनी ते बसवायला नकार दिला, दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं. आता ती वेरूळच्या रस्त्याला एका हॉटेलापुढं उभी असते, लोक टेंगळावर कोपर टेकवून फोटो काढतात. चालत नाही. चालायची तिला आता कुणी गरजही ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठी माय हॉलवर आली. एसटीनं, एकटी, नवं लुगडं नेसून. मला ओवाळलं, सुनेच्या हातात खण दिला, पहिल्या रांगेत बसली. आबा लांबून बघत होते. आईनं सगळ्यात चांगला काचेचा ग्लास धुऊन पुसून पाणी भरलं आणि तिच्यासमोर धरला. हॉलमधली निम्मी भावकी तिकडं बघत होती. मोठ्या मायनं ग्लास हातानं हळूच बाजूला केला. रागानं नाही, कुणी पानात जास्त वाढायला लागलं की आपण करतो तसा. पिशवीतून तिनं पाण्याची बाटली काढली, कोल्ड्रिंकची जुनी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. गावाकडून आणलेली.

आबांनी ते बघितलं. मला वाटलं ते आता बाहेर निघून जातील. ते आले आणि खाली, तिच्या पायाशी, सतरंजीवर बसले. फेट्यासकट. आणि रडायला लागले, सगळ्यांसमोर, साठीला आलेला माणूस.

मोठी माय त्यांच्याकडं बघत राहिली. मग बाटलीचं झाकण फिरवलं आणि ती त्यांच्या हातात दिली. आबांनी दोन्ही हातांनी धरून अर्धी घटाघटा रिकामी केली.

"समदी पिऊ नको," ती म्हणाली. "मला परत गावाला जायचंय."